संत्र्याची कोल्ड रूम आणि अनुदानाला न दिसणारा गॅस : वरुड तालुक्यातील एक प्रकरण

वरुड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने संत्र्यासाठी प्रीकूलिंगची सोय आणि तीस टनांची कोल्ड रूम उभारण्याचे ठरवले, तेव्हा संचालक मंडळासमोर जागा, कर्ज आणि वीजजोडणी हे तीन प्रश्न होते. यंत्रात कोणता गॅस असावा, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हताच. प्रकल्प अहवालाच्या तांत्रिक तक्त्यात ‘शीतक’ (यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणारा गॅस) या रकान्यापुढे सल्लागाराने ‘आर-४०४ए’ असे लिहिले होते आणि त्यावर कोणी काही विचारले नव्हते. त्या एका रकान्याने पुढे कंपनीचा बराच वेळ आणि बऱ्यापैकी पैसा घेतला. निवड कशी झाली आणि शासनाच्या योजनांनी त्या निवडीला कोणत्या बाजूला ढकलले, याची ही नोंद आहे. कंपनी, बँक आणि पुरवठादार यांची नावे येथे दिलेली नाहीत.

गरज कशी निर्माण झाली

वरुड-मोर्शीचा पट्टा संत्र्यावर उभा आहे. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते. खायला ती सोयीची असली तरी साठवणीला नाजूक ठरते. आंबियाचा माल एकदम बाजारात आला की व्यापारी भाव पाडतात, आणि बांगलादेशने आयातशुल्क वाढवत नेल्यापासून तिकडे जाणारा मालही देशातल्या मंडीतच अडकू लागला. फळ काही आठवडे धरून ठेवता आले तर निदान घाईची विक्री टळेल, हा संचालकांचा हिशेब चुकीचा नव्हता.

नागपुरी संत्रे सहा-सात अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता असेल तर चांगले टिकते. त्याहून फार थंड केले तर सालीवर खड्डे पडतात आणि डाग उमटतात. मात्र तोडलेले फळ थेट कोल्ड रूममध्ये भरून चालत नाही. शेतातली उष्णता आधी काढावी लागते आणि तेच प्रीकूलिंगचे काम. सहा टन फळ ३० अंशांवरून १० अंशांवर आणायचे तर सुमारे १२५ किलोवॅट-तास एवढी उष्णता बाहेर फेकावी लागते. आठ तासांत हे करायचे म्हटले तर शीतकरणाची क्षमता साडेचार टनांच्या आसपास हवी (हा टन वजनाचा नव्हे, शीतकरणाचा; तो सुमारे साडेतीन किलोवॅट), आणि फळाच्या श्वसनाची उष्णता, दार उघडझाप व भिंतींतून येणारी उष्णता धरली तर त्याहून जास्त. मृग बहाराचे फळ एप्रिलपर्यंत धरायचे असेल, तर हीच यंत्रणा ४३-४४ अंशांच्या हवेत उष्णता फेकत राहते. विदर्भातला मे तर ४५ अंशांच्या पुढे जातो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये चाललेला आराखडा इथे जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि गॅसची निवडही याच कारणाने इथे वेगळा विचार मागते.

गॅस कोणता, याने काय फरक पडतो

आर-४०४ए हे तीन हायड्रोफ्लुओरोकार्बनांचे मिश्रण आहे : आर-१२५ चे प्रमाण ४४ टक्के, आर-१४३ए चे ५२ टक्के आणि आर-१३४ए चे ४ टक्के. ओझोनच्या थराला त्यापासून धोका नाही, पण शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट धरली जाते. म्हणजे सिलिंडरमधला एक किलो गॅस हवेत गेला, तर जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, याची हीच क्षमता सुमारे ३ आहे. घरच्या नव्या फ्रीजच्या पाठीमागच्या पट्टीवर बहुधा दिसणाऱ्या आर-६००ए ची तेवढीच, आणि अमोनियाची शून्य.

कंपनीने मागवलेल्या तीन दरपत्रकांपैकी दोन आर-४०४ए ची होती : खोलीच्या मागे हवेने थंड होणारी कंडेन्सिंग युनिटे, आत फॅन कॉइल आणि मधे तांब्याचे पाइप. तिसऱ्या दरपत्रकात प्रोपेनचा चिलर इमारतीबाहेर मोकळ्या हवेत ठेवून त्यात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारे रसायन) मिसळलेले पाणी थंड करायचे आणि ते पंपाने आतल्या कॉइलमध्ये फिरवायचे, अशी मांडणी होती. प्रोपेन ज्वालाग्राही आहे, म्हणून तो इमारतीत येऊच द्यायचा नाही, हे त्या मांडणीचे मूळ सूत्र. तिच्यात एक तोटा उघड होता. मधे आणखी एक उष्णता-विनिमयक आणि पंप आल्याने थोडी वीज जास्त लागते. एक फायदा मात्र तेव्हा फारसा कोणी मोजला नाही : थंड ग्लायकॉलची टाकी वीज गेल्यावरही काही वेळ खोली धरून ठेवते, आणि ग्रामीण फीडरवर ज्यांनी माल ठेवला आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

अमोनियाची चौकशी झाली, पण दरपत्रक मागवले गेले नाही. उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधली बटाट्याची मोठी शीतगृहे अमोनियावरच चालतात. तो स्वस्त आहे, उष्णतेच्या दिवसांत त्याची कार्यक्षमता चांगली राहते आणि हवामानाला तो निरुपद्रवी आहे. मात्र तो विषारी आहे, तांब्याला खातो म्हणून सगळे पाइप पोलादी लागतात, आणि यंत्राजवळ सतत जाणता माणूस लागतो. शिवाय अमोनियाचे कंडेन्सर बहुधा पाण्यावर चालतात आणि वरुड तालुका भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. तीस टनांच्या खोलीसाठी एवढा पसारा मांडणे संचालकांना पटले नाही, आणि ते योग्यच होते. एका पुरवठादाराने कार्बन डायऑक्साइडचा पर्याय सुचवला होता. हा वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूप होत नाही, त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला अतिउच्च दाबावर आणि कमी कार्यक्षमतेवर चालावे लागते. थंड देशांत उत्तम ठरलेली गोष्ट इथे महागात पडली असती. खरी निवड म्हणजे आर-४०४ए की प्रोपेन-ग्लायकॉल, एवढीच होती.

योजनांच्या नियमांत गॅसला जागा कुठे

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा टनांच्या प्रीकूलिंग युनिटचा मापदंड, म्हणजे अनुदानासाठी ग्राह्य धरला जाणारा कमाल खर्च, २५ लाख रुपये आणि तीस टनांच्या कोल्ड रूमचा मापदंड १५ लाख रुपये होता. सर्वसाधारण क्षेत्रात ३५ टक्के अनुदान, म्हणजे अनुक्रमे ८.७५ लाख आणि ५.२५ लाख, एकूण १४ लाख रुपये. कंपनीचा सगळा हिशेब याच आकड्यांवर आधारलेला होता. हे अनुदान कर्जाशी जोडलेले आहे. कर्ज मंजूर व्हावे लागते, काम पूर्ण होऊन तपासणी व्हावी लागते आणि मग रक्कम कर्जखात्याकडे येते.

आता यातील बारकावा पाहावा. अनुदान प्रत्यक्ष खर्चावर नसून मापदंडाच्या मर्यादेत आहे. समजा, १५ लाखांचा मापदंड असलेली खोली चांगल्या यंत्रणेमुळे १८ लाखांना पडली, तरी अनुदान ५.२५ लाखच, टक्केवारीत पाहिले तर ते ३५ वरून २९ वर येते. वरचे तीन लाख पूर्णपणे शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून किंवा कर्जातून. तांत्रिक माहितीपत्रकात शीतकाचे नाव लिहावे लागते, पण त्या नावावरून अनुदान एक रुपयाने वाढत किंवा घटत नाही. ३,९२२ लिहा किंवा ३ लिहा, रक्कम तीच. अभियानात अद्ययावत तंत्रज्ञानासाठी वेगळा घटक होता खरा, आणि त्यात इन्सुलेशन व शीतकरण यंत्रणेचे आधुनिकीकरणही बसत होते. पण त्याची मर्यादा ५,००० टनांच्या शीतगृहासाठी २.५ कोटी अशी आखलेली होती. तो घटक मोठ्या शीतगृहांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला होता, तीस टनांच्या खोलीला त्याचा आधार वाटत नाही.

कृषी पायाभूत सुविधा निधीचे तसे नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या एक लाख कोटी रुपयांच्या या योजनेत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याजसवलत मिळते, आणि ती इतर अनुदानासोबत घेता येते. ही सवलत मापदंडावर नसून प्रत्यक्ष कर्जावर आहे. यंत्रणा महाग असेल आणि कर्ज त्या प्रमाणात वाढले असेल, तर सवलतही वाढते. तीन लाख रुपयांच्या जादा कर्जावर पहिल्या वर्षी ९,००० रुपयांची सवलत, आणि मुद्दल फिटत जाईल तशी ती घटत जाते. रक्कम छोटी आहे, पण तिची दिशा बरोबर आहे : चांगल्या यंत्रणेवर जास्त खर्च करणाऱ्याला ती निदान मागे तरी ओढत नाही. संचालक मंडळाच्या चर्चेत हा फरक कोणी मांडला असता, तर निर्णय वेगळा झाला असता की नाही हे सांगता येणार नाही. पण दोन्ही योजनांना ‘सबसिडी’ या एकाच शब्दात गुंडाळल्यामुळे तो कोणाच्या नजरेत भरला नाही, हे मात्र खरे.

निर्णय

मंडळाने आर-४०४ए चे सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारले. कारणे तीन होती आणि तिन्ही समजण्यासारखी होती. पहिले, अनुदान दोन्हीकडे सारखे असताना जादा पैसे कशासाठी भरायचे, याला कोणाकडे उत्तर नव्हते. दुसरे, बँकेच्या मूल्यांकनात तीन दरपत्रकांची तुलना फक्त खरेदी किमतीवर झाली. दहा वर्षांचे वीजबिल किंवा गॅसचा खर्च हे रकाने त्या नमुन्यात नव्हतेच. तिसरे कारण सर्वांत वजनदार होते. यंत्र बंद पडले तर येणार कोण? नागपूर आणि अमरावती, दोन्ही शहरे लांब; प्रोपेनच्या चिलरवर काम केलेला मिस्त्री जवळपास सापडत नव्हता, आणि भर हंगामात दोन दिवस यंत्र बंद राहिले तर खोलीतला माल हातचा जातो. बैठकीत एका ज्येष्ठ संचालकांनी म्हटले, “गॅस कोन्ताबी असो भाऊ, आपल्याले थंडं पायजे.” त्यावर सगळ्यांनी मान डोलावली.

माझ्या मते या निर्णयात शेतकऱ्यांना दोष देण्यासारखे काही नाही. समोर ठेवलेल्या नियमांत त्यांनी स्वतःच्या सभासदांच्या पैशांची राखण केली. दोष असेल तर तो नियमांच्या मांडणीत आहे, कारण त्याच नियमांनी सार्वजनिक निधीतले १४ लाख रुपये अशा यंत्रणेला दिले, जिच्यातला गॅस कमी करण्याचे वचन याच देशाने आंतरराष्ट्रीय करारात दिलेले आहे.

पहिला हंगाम

आंबियाचा हंगाम नीट पार पडला. मृगाच्या फळाच्या वेळी, मार्चच्या अखेरीस, खोलीचे तापमान सातवरून अकरा अंशांवर गेले आणि खाली येईना. कम्प्रेसर अखंड चालत होता, कॉइलच्या अर्ध्याच भागावर दव दिसत होते. शहरातून आलेल्या मिस्त्रीने गेज लावले, सक्शनचा दाब पडलेला पाहिला आणि साबणाच्या पाण्याचा फेस करून एकेक सांधा तपासत गेला. बाहेरच्या युनिटच्या लिक्विड लाइनवरील फ्लेअर नटाशी (पाइप जोडणाऱ्या पेचाच्या नटाशी) फेसाचे बुडबुडे उठले. पाइपला आधाराची पट्टी नव्हती. कम्प्रेसरच्या थरथरीने नट सैल झाला होता. नट दुरुस्त करायचा तर आतला गॅस काढायला हवा. गॅस परत भरून घेणारे रिकव्हरी यंत्र त्याच्याकडे नव्हते. त्याने उरलेला गॅस हवेत सोडून दिला, नट बदलला, व्हॅक्युम ओढला आणि सिलिंडर उलटा धरून, म्हणजे द्रवरूपात, नवा गॅस भरला. आर-४०४ए हे मिश्रण असल्याने तो द्रवरूपातच भरावा लागतो, एवढे त्याला नीट ठाऊक होते; त्या युनिटमध्ये पाच किलो गॅस गेला.

पाच किलो गॅस म्हणजे १९.६ टन कार्बन डायऑक्साइड. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हे उत्सर्जन सुमारे २७,००० युनिट विजेइतके होते. सहा टन संत्री प्रीकूल करायला कम्प्रेसरला साधारण ५० युनिट वीज लागते असे मानले, तर सैल झालेल्या एका नटातून आणि त्याच्या दुरुस्तीतून गेलेला गॅस प्रीकूलिंगच्या पाचशेहून अधिक खेपांच्या विजेएवढा ठरतो. संपूर्ण कोल्ड रूम सौर विजेवर चालवली, तरी हे नुकसान भरून निघायला कित्येक हंगाम जातील. कंपनीच्या खात्यात मात्र गॅसचे बिल, मिस्त्रीचे येण्याजाण्याचे पैसे आणि मऊ पडलेल्या फळांची घट एवढेच लिहिले गेले.

देशाचे वेळापत्रक आणि यंत्राचे आयुष्य

ओझोनच्या थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात किगाली येथे ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि हायड्रोफ्लुओरोकार्बन त्या कराराच्या कक्षेत आले. भारताने ती दुरुस्ती सप्टेंबर २०२१ मध्ये मान्य केली. भारत ज्या गटात आहे त्याला २०२८ पासून या वायूंचा वापर ठरलेल्या पातळीवर गोठवायचा आहे. पुढे २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २० टक्के, २०४२ मध्ये ३० टक्के आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कपात करायची आहे. चांगली राखलेली कोल्ड रूम पंधरा-वीस वर्षे चालते. म्हणजे आज बसवलेली आर-४०४ए ची यंत्रणा या कपातीच्या पायऱ्या उतरत उतरतच म्हातारी होणार. कपातीचे मोजमाप किलोत नसून कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य टनांत होते, त्यामुळे सर्वांत जास्त तापमानवाढ क्षमतेचा गॅस आधी दुर्मीळ आणि महाग होतो. युरोपात नियम कडक झाल्यावर २०१७-१८ मध्ये आर-४०४ए च्या किमती अनेक पटींनी वाढल्या होत्या. वरुडच्या कंपनीने स्वस्त यंत्र घेतले, पण त्यासोबत पुढच्या भाववाढीची जोखीमही घेतली, आणि ती कोणी तिला समजावून सांगितली नाही.

या संक्रमणासाठी पैसा अजिबात नाही असे नव्हे. मॉन्ट्रियल कराराचा बहुपक्षीय निधी १९९१ पासून विकसनशील देशांतील उत्पादकांना जुने रसायन सोडण्याचा वाढीव खर्च देतो. गोदरेज कंपनीने जर्मनीच्या सहकार्याने २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले. २०१९ च्या भारतीय शीतकरण कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत शीतकांची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे, आणि २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. पण ही सगळी मदत कारखान्यापर्यंत आणि प्रशिक्षण केंद्रापर्यंत जाते. यंत्र विकत घेणाऱ्या संस्थेसाठी जे पैसे आहेत, ते कृषी खात्याच्या योजनांतून येतात आणि त्या योजना गॅसकडे पाहत नाहीत. एका खात्याचे वचन आणि दुसऱ्या खात्याचे अनुदान एकाच खोलीत एकमेकांविरुद्ध काम करतात.

दुसरीकडे हे जमले आहे. जपानचे पर्यावरण मंत्रालय नैसर्गिक शीतके वापरणाऱ्या शीतगृहांना थेट अनुदान देते. कॅलिफोर्नियाने कमी तापमानवाढ क्षमतेच्या शीतकांसाठी दुकानांना आणि उद्योगांना प्रोत्साहन निधी दिला आहे. नॉर्वेने २००३ पासून अशा वायूंवर कर लावला आणि पुढच्याच वर्षापासून, वायू नष्ट करायला परत दिला तर पैसे परत देण्याची सोय केली. आपल्याकडे सर्वांत उपयोगी काय ठरेल असे विचारले, तर मी नॉर्वेच्या मार्गाचा दुसरा अर्धा भाग आधी घेईन : तालुक्याला एक रिकव्हरी यंत्र, आणि परत दिलेल्या गॅसवर किलोमागे पैसे. मिस्त्रीला गॅस हवेत सोडण्यात काही आनंद नसतो. तो धरून ठेवण्याचे साधन आणि कारण त्याच्याकडे नसते.

नव्या खोल्यांसाठी नियमात फार मोठा बदल नको. मापदंड ठरवताना तापमानवाढ क्षमता १५० पेक्षा कमी असलेल्या यंत्रणेला वेगळी, वाढीव मर्यादा दिली, तर जादा खर्चाचा ३५ टक्के भाग तरी अनुदानात येईल. अनुदानाच्या तपासणीत नायट्रोजनने केलेल्या दाबचाचणीचा दाखला मागितला, तर त्याला शासनाचा एक रुपयाही लागत नाही, आणि पहिल्या हंगामात सैल होणारा नट हंगामाआधीच सापडतो. बँकेच्या तुलनातक्त्यात दहा वर्षांचे वीजबिल आणि गॅसचा खर्च हे दोन रकाने वाढवणे तर केवळ नमुना छापण्याचे काम आहे. याउलट, प्रशिक्षित मिस्त्री तयार होण्याआधीच प्रोपेनची सक्ती केली, तर खेड्यातल्या कोल्ड रूम बंद पडतील आणि चांगल्या गॅसचे नाव खराब होईल. वरुड, मोर्शी, काटोल या भागातल्या आयटीआयमधून ज्वालाग्राही शीतकांचे काम शिकलेली मुले बाहेर पडणे ही पहिली पायरी आहे.

कंपनीने आता दुसऱ्या कोल्ड रूमची तयारी सुरू केली आहे. यावेळी मागवलेल्या दरपत्रकांच्या अटींत गॅसचे नाव व वजन, ४५ अंशांच्या हवेत यंत्र किती वीज खाईल हा आकडा, सर्व सांधे ब्रेझिंगचे (नटाऐवजी धातू वितळवून जोडलेले) असणे, पाइपला ठरावीक अंतरावर आधार आणि तीन वर्षांच्या सेवाकराराचा दर हे सगळे पुरवठादाराला लेखी द्यावे लागणार आहे. कर्जाचा प्रस्ताव पायाभूत सुविधा निधीतून प्रत्यक्ष खर्चावर करायचा, अभियानाचे अनुदान मिळेल तेवढे त्यातून वजा धरायचे, असे मंडळाने ठरवले आहे. ग्लायकॉलची मांडणी असलेली दोन दरपत्रके आली आहेत, आणि त्यांतल्या एका पुरवठादाराने कंपनीच्या दोन तरुण सभासदांना चिलरच्या देखभालीचे प्रशिक्षण देण्याचे मान्य केले आहे.